नको म्हणणारी पोर

आप्पा,

मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याबद्दल कुणी वाकडं बोलत नाही. मीही बोलत नव्हते. पण नारायणगावात जे पाहिलं, त्यानंतर गप्प बसवत नाही.

धाकट्या भावाची पोरगी आता चार वर्षांची आहे. ती बोलतच नव्हती. आनंद झाला की हात फडफडवते, मिक्सर लागला की कान दाबून कोपऱ्यात बसते. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. ते भावाला एकेक प्रश्न विचारत होते आणि शेजारी बसून मी मनात माझीच उत्तरं देत होते. पुढे मी स्वतःलाही तपासून घेतलं. हो आप्पा, मलाही तेच आहे. हट्ट नव्हता, बाहेरचं काही नव्हतं, आणि तुम्ही म्हणायचात तसा माज तर नव्हताच.

तुम्ही मला आठवता ते टोमॅटोच्या बाजारात. क्रेट आपटतायत, बोली ओरडली जातेय, रस्त्यावर जीपवाले हॉर्न दाबून बसलेत. मी कानांवर हात ठेवते आणि तुम्ही चारचौघांत ते ओढून काढता. "लोकं हसत्यात. हात खाली!" घरी जेवताना भाकरी तुम्ही हातात धरून ठेवायचात. "माझ्या डोळ्यात बघ, मंग देतो." आई चुलीपाशी पुटपुटायची, "ऱ्हाऊ द्या वो, जेवू द्या तिला." तुम्ही म्हणायचात, "न्हाई शिकली तर उद्या जगंल कशी?" शिकले मी. कुणाच्या डोळ्यात बघितलं की त्याचं बोलणं मला ऐकूच येईनासं होतं, हे सांगायला तेव्हा शब्द नव्हते. तुम्ही विचारलंही नाही. पोरगी सुधारली म्हणून पावण्यांना कौतुकानं सांगत राहिलात.

त्या दिवशी भावाला सुट्टी नव्हती, म्हणून पोरीला नारायणगावात थेरपीला मी नेलं. मॅडम तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी बिस्किट आपल्या डोळ्याजवळ धरलं. "इकडे बघ. गुड!" पोरीचे हात हलले की त्या ते अलगद मांडीवर दाबायच्या आणि म्हणायच्या, "हात खाली." तेच शब्द, आप्पा. बऱ्याच वेळानं पोरीनं बिस्किट ढकललं आणि म्हणाली, "नको." तिच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द. मॅडमनी तो ऐकला, आणि न ऐकल्यासारखं करून बिस्किट परत डोळ्याशी नेलं.

मी उठलेच. "ती नको म्हणाली."

"ती टाळाटाळ आहे, ताई. तिकडे लक्ष द्यायचं नसतं. तुम्ही आई का तिची?"

"नाही. मी हीच पोरगी आहे, मोठी झालेली. आत काय होतं ते मला विचारा."

त्या गोंधळल्या. "आम्हाला असंच शिकवलंय," म्हणाल्या.

"तुम्हाला शिकवणाऱ्यांत आमच्यातलं कुणी होतं का?"

 त्यांनी बिस्किट खाली ठेवलं.

संध्याकाळी भाऊ माझ्यावर उखडला. "तू आज रोपांच्या नर्सरीत काम करतीस, चार माणसांत वावरतीस, ते आप्पांमुळंच ना? मग माझ्या पोरीनं शिकायचंच नाय का?"

"शिकव की! बोलायला शिकव, रस्ता ओलांडायला शिकव. पण तिचं 'नको' ऐकायला तू शिक. आज तिचं 'नको' मोडलंस, तर उद्या कुणी तिच्या अंगाला हात लावला तर ती काय म्हणंल?"

भाऊ ताटावरून उठून गेला. वहिनीनं त्याचं ताट उचललं. त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "वन्सं खरं बोलत्यात. पुढल्या खेपंला मी येते."

आली ती. मॅडमनी मलाही थांबवून घेतलं. आता बिस्किट बंद आहे. पोरगी हात फडफडवते, कुणी दाबत नाही. ती नको म्हणाली की मॅडम थांबतात, मग दुसऱ्या वाटेनं बघतात. नवीन काही करण्याआधी मला विचारतात, "लहानपणी तुम्हाला हे कसं वाटलं असतं?" भाऊ मात्र अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

यानं माझा राग उतरावा ना? उलट वाढलाय. एका प्रश्नाचं काम होतं, आप्पा. एका अनोळखी बाईला जमलं. तुम्ही शेजारच्या पाटावर बसत होतात आणि तुम्हाला सुचलं नाही.

हे पत्र मी भावाला दाखवणार नाही, वहिनीलाही नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नव्हते. बायका म्हणाल्या, "लई दगडाची पोरगी." नंतर कित्येक महिन्यांनी शिनोलीच्या फाट्यावर जीपची वाट बघत होते. मागं कुणीतरी तुमच्यासारखं खाकरलं. मी वळून पाहिलं, दुसराच माणूस होता. तिथंच खाली बसले आणि जीप निघून जाईपर्यंत रडत राहिले.