फुजी नदीच्या पलीकडे साठ

९ फेब्रुवारी २००४, सोमवार
चारुदत्तची बदली. क्योतो ऑफिस, एक एप्रिलपासून. मी आमटी वाढत असताना यांनी सांगितलं – "दोनच वर्षांचा प्रश्न आहे." मी "बरं" म्हटलं आणि पापड भाजले. माझ्या कामाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

१० फेब्रुवारी
आजच नेमकं व्हायचं होतं! ऑफिसात आमचे साहेब ओकादा-सान यांनी बाजूला बोलावलं. "मेधा-सान, एप्रिलपासून तुम्हाला कायम करायचं म्हणतोय. मार्चच्या मध्यापर्यंत कळवा."
सात महिने तोक्योतल्या निशी-कसाईहून कावासाकीला जाते. विजेची उपकरणं बनवणारी छोटी कंपनी. त्यांच्या प्रदर्शनाचे इंग्रजी माहितीफलक मी लिहिते. पार्ट-टाइम. वय एक्कावन्न. काम मला फार आवडतं. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

१६ फेब्रुवारी
एसी-डीसीचा फलक. आधी सगळीकडे डीसीच होती, एकाच दिशेने वाहणारी वीज. पण दीड-दोन किलोमीटरच्या पुढे तिचा जीव पुरेना. जाड तांब्याच्या तारा, गल्लोगल्ली वीजघरं. मग एसी आली, सेकंदात कितीदा तरी दिशा बदलणारी. ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवायचा, बारीक तारेतून कोसच्या कोस लांब धाडायची, दाराशी दाब उतरवून घ्यायचा. यावर डीसीवाल्यांनी काय करावं? लोकांना धाक बसावा म्हणून चारचौघांत एसीने कुत्री मारून दाखवली. शिकलेली माणसं!
शेवटची ओळ लिहिली – डीसी हरली.
ओकादा-सानांनी तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "आमच्याकडे अजून ड्युटीवर आहे ती."
मग समजावून सांगितलं. शंभरेक वर्षांपूर्वी तोक्योने यंत्रं जर्मनीहून आणली, ओसाकाने अमेरिकेहून. दोन्हीकडे एसीच, पण फुजी नदीच्या अलीकडे सेकंदाला पन्नास आवर्तनं, पलीकडे, ओसाका-क्योतोत, साठ. एवढ्या वर्षांत कोणीच बदललं नाही. इकडची वीज तिकडे द्यायची तर मध्ये तिची डीसी करतात, मग पुन्हा एसी.
मला हे ठाऊक नव्हतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात! ओळ खोडली. फलक पुन्हा लिहिला.

२२ फेब्रुवारी, रविवार
सामानाची यादी करायला बसलो. मायक्रोवेव्हच्या मागची पट्टी वाचली – फक्त पन्नास.
"हा क्योतोत चालणार नाही," मी म्हटलं.
"एकाच देशात?"
"एकाच देशात."
"कमाल आहे. दोघांपैकी एकाने बदलायचं की."
"कोणी?"
चारुदत्तनी चष्मा काढून पुसला. मी पुढची वस्तू लिहिली – इस्त्री.

२ मार्च
आज ट्रेनमध्ये उगाच १९७५ आठवलं. पुण्याची वीज मंडळाची प्रयोगशाळा. मीटर तपासायचे. अकरा महिने. मग यांची बदली नागपूरला झाली. राजीनामा मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. कोणी जबरदस्ती केली नाही. कोणी विचारलंही नाही.

३ मार्च
यादी पूर्ण.

१३ मार्च, शनिवार
ठरलं. सोमवारी ओकादा-सानांना नाही म्हणून सांगायचं. दोन वाक्यांत. कारणं देत बसायचं नाही, आणि आवाज नीट ठेवायचा.
कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून मोठ्या कचऱ्याचं तिकीट आणलं – ते लावल्याशिवाय पालिका जुन्या वस्तू नेत नाही. मायक्रोवेव्हला चिकटवलं. कडा तीनदा दाबल्या.

१४ मार्च, रविवार
सकाळी पाहते तर तिकीट खरवडून काढलेलं.
"राहू दे तो," चारुदत्त म्हणाले. "तुला लागेल."
"आणि तुम्हाला?"
"मी बघून ठेवलाय. साठवाला. छोटा, एका माणसापुरता."
घरच्यांना मागे ठेवून एकट्याने बदलीवर जायचं, याला इथे तान्शिन फुनिन म्हणतात. यांच्या ऑफिसात निम्मी माणसं तशीच राहतात. यादी करायला बसलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी यांनी तसा अर्ज दिला होता. शुक्रवारी मंजूर झाला.
"मला का नाही सांगितलंत?"
"मंजूर व्हायच्या आधी काय सांगायचं?" मग माझ्याकडे न बघता, "नागपूरला तू आली होतीस."
आणि एक कोरी वही पुढे केली. "आमटी लिहून दे. फोडणीपासून."