आरोहीनं मळलेला पाव

निरगुडसर, ४ डिसेंबर

ती. शीलामावशीस,
उज्ज्वलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि पोरांसमोर मला हे मोठ्यानं बोलवत नाही, म्हणून लिहितेय. शेजारच्या मोहिनीच्या गोकुळला बिबट्यानं नेलं, हे तुला कळलंच आहे. आमची आरोही तेव्हा त्याच्याबरोबर होती. दोघं शाळेतून उसाच्या कडेनं घरी येत होती. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. जेवण म्हणजे दोन घास, तेही मी रडले की. वनखात्याचा पिंजरा अजून रिकामाच आहे. शाळा सुरू आहे, पण मीच पोरांना पाठवत नाही, घरी पुस्तकं उघडून बसते. धाकटा मोहित निदान ऐकतो, आरोही भिंतीकडे बघत राहते. तू जन्मभर विज्ञान शिकवलंस. काहीतरी सांग. मला आता काहीच सुचत नाही.

तुझी माया आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुझी,
उज्ज्वला

आळे, ७ डिसेंबर

चि. सौ. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

पुस्तकं मिट आणि पोरांना पाव करायला बसव. जावईबापू सुनीलरावांना मंचरहून यीस्ट आणायला सांग. कोमट साखरपाण्यात ते कालव, बाटलीत भर, तोंडाला फुगा लाव. फुगा का फुगतो, ते पोरांना विचार. तू लगेच सांगू नकोस. मग पीठ मळा. ओव्हन नको, कुकरची शिट्टी आणि रिंग काढ, तळाशी मीठ पसर, आच मंद ठेव. तुझ्या आईनं माझ्याकडून शिकून केलेला पहिला पाव म्हशीनंही शिंगानं ढकलला होता, तेव्हा बिघडला तर लाजू नकोस.

लोभ आहेच, जेवत जा.
तुझी मावशी

निरगुडसर, ११ डिसेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

भलतंच झालं. फुगा फुगला तशी आरोही उठून जवळ आली. आत कोण फुंकतंय, तिनं विचारलं. मी सांगितलं, डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, साखर खातात आणि वायू सोडतात. पीठ तिनंच मळलं. कुकर तापल्यावर तिनं विचारलं, आता त्यांचं काय होणार. मरतात, असं मी बोलून गेले. तिनं पिठाचं पातेलं पोटाशी धरलं. त्यांना पळता येत नाही, म्हणाली. मग रडत म्हणाली, गोकुळनं हाक मारली आणि मी पळाले.

कालपासून ती त्या पिठाशेजारी बसून आहे. पाणीसुद्धा घेत नाही. पुण्याला डॉक्टरकडे नेणारच आहोत, पण आज काय करू? हे स्वतः पत्र घेऊन येतायत, उत्तर त्यांच्याजवळच दे.

तुझी,
उज्ज्वला

आळे, ११ डिसेंबर

चि. उज्ज्वलास आशीर्वाद.

खोटं बोलली नाहीस, ते बरं केलंस. पिठाचा एक गोळा तिला बरणीत ठेवू दे. रोज चमचाभर पीठ-पाणी दिलं की त्यातले जीव वाढत राहतील. बाकीचं भाजायचं की नाही, ते तिला ठरवू दे. पण गोकुळबद्दलचं उत्तर माझ्याजवळ नाही, तुझ्याजवळही नाही. ते असलंच तर मोहिनीजवळ. जड जाईल, तरी तिच्याकडे जा. आणि डॉक्टरांना टाळू नकोस.

तुझी मावशी

निरगुडसर, १५ डिसेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

एक गोळा बरणीत ठेवल्यावर आरोही पाणी प्याली. बाकीचा पाव तिनंच कुकरमध्ये ठेवला, झाकण लावताना तोंड फिरवलं. मोहिनीच्या दारापर्यंत मी एकटी जाऊन माघारी आले होते. काल दुपारी ह्यांनी काठी घेतली, मी पाव फडक्यात बांधून घेतला, आरोहीला मध्ये घेतलं आणि आम्ही गेलो. ती माझ्या पदरात तोंड खुपसून चालली.

मोहिनी ओट्यावर बसली होती. मी काही बोलायच्या आत आरोहीनं तिला सगळं सांगून टाकलं. मोहिनी जमिनीकडे बघत म्हणाली, त्यो तुला पळ म्हणूनच वरडला आसंल. पळालीस ते लई बरं केलंस. तिनं पावाचा तुकडा मोडला, पण तिला तो गिळवला नाही. आता घरी जा म्हणाली, मला तुझ्याकडं बघवत नाय. आम्ही वळलो, तर मागून म्हणाली, पर उद्या ये.

रात्री आरोही झोपेत ओरडलीच. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. पण आज सकाळपासून ती मला विचारतेय, मोहिनीकाकूचं उद्या म्हणजे आजच ना.

दुपारी घेऊन जाते. आमची आठवण ठेव.
तुझी,
उज्ज्वला