हात नेमका कुठे मोडला

ती. मामांना साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं टेकायला हवीत, सध्या माझं एक अंग बंद आहे, त्याचं पुढे येईलच. बाकीची टेकली आहेत असं समजावं.)

तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे? ही चौकशी मनापासून करतोय, वेळ काढायला नव्हे. म्हणजे थोडी वेळ काढायलाही. खरं सांगायचं तर हे पत्र मी टाळत होतो. मी निघताना तुम्ही बजावलं होतंत, "उंडगा आहेस, गल्लीबोळ हिंडशीलच. तर हिंड आणि लिही, ते शहर माझ्या पोरीला राहण्यासारखं आहे का. तुझ्या पत्रावर ठरवीन." आपल्या ताईला इथल्या शाळेत नोकरी लागलीय, रुजू व्हायची तारीख तोंडावर आलीय, आणि तुम्ही रोज सकाळी पेपरातल्या मारामाऱ्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढत बसलाय. आमच्या वेळी माणूस माणसावर हात उचलत नव्हता, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. एवढी मोठी जबाबदारी माझ्यावर आजवर कुणी टाकली नव्हती (मागे मामींनी गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते जाऊ दे). त्यामुळे कागद घ्यायचा, "ती. मामांना" एवढं लिहायचं आणि चहाला बाहेर पडायचं, असं चाललं होतं.

आधी नोकरीचं सांगतो. टायरच्या दुकानातून मी निघालो (की काढलं, याबद्दल दुकानदाराचं आणि माझं एकमत नाही) आणि हाडांच्या दवाखान्यात लागलो. प्लास्टरच्या खोलीत मदतनीस. खोली लहान, भिंतींवर कमरेपर्यंत पांढरे शिंतोडे, एक लोखंडी टेबल, एक बादली. मोडलेल्या हातापायावर आधी कापूस गुंडाळायचा. मग प्लास्टरची पट्टी कोमट पाण्यात सोडायची, बुडबुडे थांबले की काढायची, हलकेच पिळायची आणि मास्तरांच्या हातात द्यायची. मास्तर म्हणजे प्लास्टर घालणारे. शिकवत काही नाहीत, नुसते ओरडतात. एकदा बाहेर रांग लागलेली बघून मी डोकं चालवलं आणि खोकाभर पट्ट्या एकदम भिजत घातल्या, म्हणजे पुढचं काम पटापट होईल. मास्तर चहा पिऊन येईपर्यंत बादलीचा दगड झाला होता. आत चमचाही गेला, तो कसा गेला ते मलाही माहीत नाही. आता ती बादली दार अडवायला ठेवलीय, आणि नवीन पेशंटला मास्तर तिची ओळख "आमच्या मदतनिसाची हुशारी" अशी करून देतात.

पण मी विषयावर होतो. आमच्या खोलीबाहेर बाक आहे, तिथे परवा दोन आजोबा बसले होते. एक काठीवाले, दुसरे मानेला पट्टा लावलेले. काठीवाल्यांच्या हातात पेपर होता आणि मामा, ते अगदी तुमचंच बोलत होते.

"रोज काहीतरी आहेच. आमच्या काळी कुणी कुणाला बोट लावत नव्हतं."

"तुमचे मास्तर फळ्यावर कमी आणि पाठीवर जास्त लिहायचे, विसरलात?" पट्टेवाले म्हणाले.

"ते वळण लावणं."

"आणि वडील?"

"तो धाक."

"बायकांना बडवायचे, ते?"

"ते घरातलं. घरातलं कुणी मोजतं का?"

"मग बाकी उरलं कोण? शेजाऱ्याचं कुत्रं?"

यावर बाकावरचे सगळे हसले, नर्ससुद्धा. काठीवाल्यांना ते लागलं. ते उठले आणि पूर्वी कुणी हात उचलत नव्हतं हे पटवण्यासाठी त्यांनी काठी उचलली. पट्टेवाल्यांना मान वळवता येत नव्हती, त्यामुळे काठी येतेय हे बाकावर फक्त त्यांनाच दिसलं नाही. मी नवीन बादली घेऊन चाललो होतो. मध्ये गेलो, डावा हात वर केला. आवाज झाला तो काठीचा असेल असं मला आधी वाटलं.

डॉक्टरीणबाईंना मी सांगितलं, ओल्या फरशीवर घसरलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. म्हणाल्या, "घसरणारा माणूस तळहात टेकतो, मग मोडतं ते मनगटापाशी. तुझं कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलंय, आणि ते मधोमध. डोक्यावर येणारा मार तू हातावर घेतलायस." मी म्हटलं, नाही, घसरलोच. बाहेर काठीवाले आजोबा भिंतीला टेकून बसले होते, काठी खाली पडलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, त्या पोराला फार लागलं का. त्यांचं नाव कसं घेणार? बाईंनी एक्स-रे खाली ठेवला आणि "घसरला" असं लिहून घेतलं. मग मास्तरांनी प्लास्टर घातलं. पहिल्यांदाच न ओरडता. त्याची मला जास्त भीती वाटली.

टेबलावर पडल्या पडल्या मला तुमचा हात आठवला, मामा. डावाच. मधोमध करंगळीच्या बाजूला वाकलेला. त्या हाताचा तळवा पुरता उताणा होत नाही, म्हणून तुम्ही बशीसुद्धा कायम उजव्या हातात घेता. लहानपणी झाडावरून पडलो, असं तुम्ही आम्हाला सांगितलंत, आणि त्या झाडावर चढायची आम्हा सगळ्या पोरांना बंदी होती. त्या झाडाचा मी इतकी वर्षं राग केला. बिचारं नुसतं उभं होतं. आणि आपल्या आजोबांचा, म्हणजे तुमच्या वडिलांचा, फोटो तुम्ही रोज सकाळी त्याच हाताने पुसता, हेही टेबलावरच आठवलं.

मी काही विचारत नाही. आजोबांना मी पाहिलेलं नाही, त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. फक्त एवढं कळलं, की "घसरलो" म्हणायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. माणूस ज्याला सांभाळतो त्याच्यासाठी पडतो. तेव्हाही लोक मारतच असतील; फक्त त्याला पडणं म्हणत असतील, आणि पडण्याची बातमी पेपरात येत नाही. इथेही मारतात, मी खोटं लिहिणार नाही. एक बाई आमच्याकडे सारख्या येतात, दर वेळी जिन्यावरून पडून. पण गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं, त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत बसून राहिल्या. बाहेर रांग ओरडत होती तरी. तुमच्या वेळी हाडवैद्य आला असेल, बांबूच्या कामट्या बांधून गेला असेल, आणि सगळ्यांनी झाडाकडे बोट दाखवलं असेल. जग सुधारलं की बिघडलं हे माझ्या अर्धवट शिक्षणाला ठरवता येत नाही. पण कुणीतरी विचारतं, एवढा फरक मी पाहिलाय.

मामींना नमस्कार. एका हाताने लिहितोय, कागद धरायला दुसरा नाही, म्हणून ओळी उतरणीला लागल्यात.

तुमचा भाचा,
उंडगा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. ताईला येऊ द्या. आणि तिच्यासोबत तुमचे जुने ढगळ शर्ट पाठवा, माझा एकही प्लास्टरवरून जात नाही.

ता. क. दुसरा : माझ्या हाताचा पुरावा करून तुम्ही तिला अडवाल, म्हणून आधीच सांगतो. या अख्ख्या शहरात मला एकाच माणसाने मारलं, आणि तो पूर्णपणे तुमच्या मताचा आहे.

ता. क. तिसरा : खाली जिन्यात कुणीतरी खोकतंय. थांबून थांबून वर येतंय, आणि मागून आवाज, "बाबा, सावकाश." म्हणजे तुम्ही पत्राची वाट बघणं सोडलंत आणि तिला घेऊन स्वतःच निघालात, ठरवायला की पोचवायला, ते दार उघडल्यावर कळेल. बॅग जिन्यावर आपटल्याचा आवाज तरी जड आहे. तुम्ही आधी माझ्या हाताकडे बघाल आणि विचाराल, काय झालं. फरशीचं उत्तर तयार आहे, पण ते तुम्हाला नाही देणार. आणि मी विचारलं तर तुम्ही झाडाचं सांगू नका. वाजवू नका, येतोय. कडी एका हाताने काढायची आहे, थोडा वेळ लागेल.