वाळूत घेतलेलं नाव

माय, तुझे गुडघे आता तरी दुखायचे थांबले का? बाचा दमा बसला का? थोरली मामी तिकडंही मिसरी लावत बसते का? आणि आपली लाल गाय, तिचा खूर भरून आला का? तू गेलीस त्याला एक जन्म झाला; इथं अमडापुरात मी आता तुझ्याहून म्हातारी झाले. आमच्या यांना तेवढा खोकला आहे. त्याचंच विचारायला बसले.

हे एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झाले तशी एकच भुणभुण, "जन्मभर लोकायले फिरवलं, आता तुले फिरवतो." नेलं ते थेट राजस्थानच्या वाळवंटात, लेकीनं दिलेला तंबू घेऊन. उंटवाल्यानं आम्हाला वाळूत उतरवलं, आंधी आली तर तंबू सोडू नका असं बजावलं, आणि सकाळी येतो म्हणून गेला. मी चूल मांडायला बघते, तर कुठं दगड नाही. हे म्हणाले, "टेकाडामागं काटक्या दिसून राह्यल्या, आणतो."

"अहो, राहू द्या. भाकरी हायेत बांधलेल्या."

"अन् चहा काय वाळूवर उकळते का वं?" हसत गेले.

ते टेकाडाआड झाले आणि आभाळाकडून पिवळी भिंतच चालत आली. भर उन्हात हाताला हात दिसेना. जन्मभर रस्त्यावर गाडी हाकलेला माणूस, आणि इथं रस्ताच नाही. तंबूचा दांडा छातीशी धरून मी "अहो, अहो" ओरडत राहिले. वारा तोंडात वाळू कोंबतोय. अहो म्हणजे कोण, हे त्या वाऱ्याला काय ठाऊक? नाव जिभेवर येतं आणि तुझा हात आठवतो. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, चुलीपाशी सहज यांचं नाव निघून गेलं, तर तू पिठाचाच हात तोंडावर हाणलास. "नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य घटते, पोरी!" तेव्हापासून घेतलं ते उखाण्यातच.

पण माय, माणूसच राहिला नाही तर आयुष्य कोणाचं घटणार? डोळे मिटले आणि नाव घेतलं. नुसतं, उघडं. घसा फाटेस्तोवर घेत राहिले. कितीतरी वेळानं माझ्या मनगटावर हात पडला. मिशा पिवळ्या, काखेत काटक्या तशाच.

"मी तं उलटाच जाऊन राह्यलो होतो," ते म्हणाले. "म्हटलं, माही माय इथं काऊन हाका मारून राह्यली?"

सासूबाई गेल्यावर त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. तंबूत टेकल्यावर मात्र डोळे मिचकावून म्हणतात, "उखाणा कुठं सांडला वं?" मी पदर तोंडात धरून रडले.

आल्यापासून हा खोकला. डॉक्टर म्हणतात, छातीत धूळ गेली, निघेल. मला मात्र तुझा पिठाचा हात दिसतो. म्हणून बघ, इथंही ते नाव लिहिलं नाही. हे पत्र टाकायला पेटी कुठली! पिठाच्या डब्याखालीच ठेवीन.

एक सांगते, रागवू नको. हे अंगणात खोकत असले, की मी चुलीपाशी ते नाव हळूच घेऊन बघते. गोड लागतं गं. खरंच घटत असेल तर लवकर लिहून कळव, तोंड मिटीन. तोवर घेते.