न खपलेली रायफल

९ जानेवारी

नाकारली! पुन्हा!

सैन्याच्या चाचणीत यांची रायफल सगळ्यांत हलकी, नेमही सगळ्यांत अचूक — हे त्यांच्याच साहेबांनी मान्य केलं. आणि घेतली दुसरीच! का? तर म्हणे, "रचना नवीन आहे, वापराचा अनुभव नाही." अहो, कुणी वापरलीच नाही तर अनुभव काय आभाळातून पडणार?

हे आले ते बुटांसकट खुर्चीत बसले. मी गप्प राहिले. मी साहेबांना शिव्या घातल्या की हे त्यांचीच बाजू घेतात, आणि मग भांडण आमच्यात होतं. सासूबाई मात्र बोलल्याच — "पंपाच्या कारखान्यात काय वाईट होतं तुझं? लोकांना पाणी तरी मिळत होतं." यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

१३ जानेवारी

कारखान्याचे मालक घरी आले होते. चहा दोनदा घेतला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी काम आहे.

बाहेरच्या देशांनीही नकोच म्हटलंय. आता एकच गिऱ्हाईक उरलं — सीमा दल. आमचे धाकटे भावजी त्याच दलात आहेत. दलाने थोड्या रायफली घेतल्या आणि त्या चांगल्या चालल्या, तर जूनमध्ये सैन्य पुन्हा चाचणी घेणार आहे. नाहीतर कारखान्याला टाळं.

आणि दलाच्या साहेबांपुढे मालकांना मी हवी आहे. मी!

त्याचं असं झालं — हे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर रायफलीचे तुकडे पसरून बसायचे. ताटं ठेवायला जागा नाही. "आवरा, आवरा" म्हणून थकले, तेव्हा शेवटी मीच जोडायला शिकले. टेबल मोकळं व्हावं म्हणून! आता हात आपोआप चालतात. नळीचं मागचं तोंड बंद करणारा जो दांडा असतो, बोल्ट, तो सरकवताना अंगठ्याला एक बारीक खाच लागते. ती लागली की बसला. ना बघावं लागतं, ना विचार करावा लागतो. हे म्हणतात, "तुझ्या हातालाच कळतं."

भावजी तर रायफलीला माझी सवत म्हणतात. नवऱ्याचा सगळा वेळ तिलाच, शिवाय तिची वेणीफणीही मीच करायची!

२० जानेवारी

दलाच्या साहेबांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. आधी घाम फुटला. मग एकदा नळी हातात आली आणि घरच्या टेबलाशी बसल्यासारखं वाटलं. जोडली. टाळ्या!

मालक लगेच म्हणाले, "बघा साहेब, घरातली बाई डोळे मिटून जोडते. तुमच्या शिपायांना काय अवघड?" "घरातली बाई" ऐकून डोकं सणकलं. पण यांच्याकडे पाहिलं — इतके खूश! लग्नाच्या फोटोतसुद्धा इतके खूश नाहीत. राग गिळला.

दलाने रायफली घेतल्या.

३ मार्च

भावजी सुट्टीवर आले. दारातूनच ओरडले, "वहिनी, सवत काय म्हणते?" लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भावजी शाळेत जायचे. डबा विसरला की मी मागे धावायचे. आता दाराच्या चौकटीत मावत नाहीत. दलात ही रायफल शिकवायला त्यांनाच नेमलंय. घरचा माणूस ना! सासूबाईंनी त्यांच्या ताटात वाढ वाढ वाढलं. मला "घे गं तू पण" असं एकदाही नाही. असो.

५ मार्च

दुपारी दोघे भाऊ मागच्या खोलीत रायफल घेऊन बसले होते. बाहेर आले ते दोघांचीही तोंडं उतरलेली. "काय झालं?" म्हटलं. हे म्हणाले, "काही नाही. कामाचं." भावजींनी हसून विषय बदलला. पण त्यांना हसायचं असलं की आधी डोळे हसतात. आज नाही हसले.

८ मार्च

भावजी गेले. बसमध्ये चढताना म्हणाले, "वहिनी, दादाला सांभाळ. फार मनाला लावून घेतो." मी म्हटलं, "आणि तुम्हाला कोण सांभाळणार?" तर म्हणतात, "मला सवत आहे की!" मेले नाटकी!

२२ एप्रिल

भावजींचा फोन. हाताखालची पोरं त्यांची थट्टा करतात म्हणे. पोरांनी जोडलेल्या प्रत्येक रायफलीची पहिली गोळी भावजी स्वतः झाडतात, मगच पोराच्या हातात देतात. मी म्हटलं, "मिरवायची हौस, दुसरं काय!" खूप हसले. मग विचारलं, "दादाची चाचणी जूनमध्येच ना? पुढे नाही ना ढकलली?" नाही म्हटलं. "बरं," म्हणाले आणि ठेवला.

१९ मे

भावजी गेले.

२१ मे

काल आणलं. तोंड झाकलेलं होतं. सासूबाई म्हणत राहिल्या, "एकदा बघू द्या." कुणी बघू दिलं नाही. मी त्यांना धरून ठेवलं. त्यांनी माझ्या हाताला नखं मारली, मी सोडलं नाही.

लढाई नव्हती. समोर शत्रू नव्हता. कागदी निशाण होतं! मैदानावर नव्या पोराची रायफल हातात घेऊन नेहमीसारखी पहिली गोळी झाडली आणि बोल्ट मागे सुटून आला, तोंडावर. सोबत आलेल्या शिपायाने सांगितलं.

आमच्याच रायफलीने. या टेबलावर जिचे तुकडे पसरलेले असायचे तिने.

२३ मे

हे जेवत नाहीत. रडतही नाहीत. मागच्या खोलीत कानस घेऊन एक लोखंडाचा तुकडा घासत असतात. काय करताय विचारलं तर मान वर करत नाहीत. मला इतका राग येतोय, की यांना मिठी मारावी की गदागदा हलवावं तेच कळत नाही.

२९ मे

चौकशी समिती नेमली आहे. मालक सांगत होते. पोराने बोल्ट चुकीचा बसवला आणि शिकवणाऱ्याने न तपासता गोळी झाडली, असं ठरलं तर रायफल सुटली. जूनची चाचणीही होईल. म्हणजे दोष भावजींचा! मालकांनी हे माझ्यासमोर, भावजींच्या फोटोकडे पाठ करून सांगितलं. आणि वर — समितीपुढे मी पुन्हा जोडून दाखवायची. घरातली बाई!

सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "माझ्या मेलेल्या पोराला दोषी ठरवायला सून जाणार का?"

मालक गेल्यावर मी यांना सरळ विचारलं, "बोल्ट चुकीचा बसू शकतो का?"

"तुझ्याकडून कधी बसला?"

नाही बसला. कधीच नाही.

१ जून

हे कारखान्यात गेले होते. मी रायफल टेबलावर घेतली. बोल्ट उलटा धरला आणि सरकवायला गेले, तर अंगठ्याने आपणच फिरवून सुलटा केला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी अंगठा बाजूला ठेवून, डोळ्यांनी बघत बघत, हळूहळू ढकलला.

बसला!

अगदी नीट बसल्यासारखा. आवाजही तोच. वरून बघितलं तर काही फरक नाही. आत मात्र अडकलेलाच नाही, नुसता टेकलेला. दमलेल्या, थंडीने गारठलेल्या पोराच्या हाताने का नाही होणार? सगळ्यांना जोडायला सोपी म्हणून कुणाच्या हातावर पारखली? माझ्या! मी तर तिला चुकीची जोडूच शकत नव्हते.

हे आल्यावर सांगितलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "मुद्दाम केलं तर काहीही होतं."

समितीपुढे मी तो उलटा बसवून दाखवणार. कारखाना बुडाला तर बुडू दे. हे आयुष्यभर बोलले नाहीत तरी चालेल. भावजींना दोष लागू देणार नाही.

६ जून

काय लिहू.

मोठी खोली. लांब टेबल. त्यावर हिरवं कापड. मी आधीच सांगून टाकलं, "साहेब, हा उलटाही बसतो." कुजबुज झाली. मधले साहेब म्हणाले, "दाखवा."

उलटा धरला. सरकवला — आणि अंगठ्याला खाच लागली. सुलटा! "थांबा," म्हटलं. पुन्हा. सुलटा. डोळ्यांत पाणी, काही दिसेना, आणि दिसेना म्हटल्यावर हात जास्तच बरोबर चालायला लागले. माझेच हात! तोडून टाकावेसे वाटले. पुन्हा पुन्हा केलं, दर वेळी बरोबर. शेवटी साहेब हळू आवाजात म्हणाले, "बाई, बसा. आम्ही समजू शकतो."

काय समजलं त्यांना? दीर गेल्याने वेडी झाली आहे, एवढंच.

मग साहेबांनी यांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" हे टेबलावरच्या कापडाकडे बघत होते. मान हलवली. नाही.

निकाल — हाताळणीतली चूक. भावजींच्या नावापुढे.

७ जून

सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

१२ जून

आज हे मला न सांगता एकटेच समितीकडे गेले. जूनची चाचणी परवावर आलेली असताना. बोल्ट उलटा बसवून दाखवला. भावजींच्या नावापुढचा शेरा पुसला जाईल. रायफली परत मागवल्या. कारखाना बंद.

घरी येऊन आधी सासूबाईंना सांगितलं, मग मला. किती दिवसांनी मी यांचा हात हातात घेतला. मग सहज विचारलं, "माझ्याने इतकं करून जमेना. तुम्हाला कसा जमला?"

"पहिल्याच फटक्यात बसला," म्हणाले. "मार्चमध्ये आला होता ना, तेव्हा त्यानेच उलटा बसवायला शिकवलं. म्हणाला, दादा, हे बघ, घात होईल. मी म्हटलं, जूनची चाचणी होऊ दे, मग उलटा बसूच नये असा खिळा बसवून दुरुस्त करतो. तोवर कुणाला बोलू नकोस."

भावजी कुणाला बोलले नाहीत. पोरांच्या हाती देण्याआधी प्रत्येक रायफल स्वतः झाडून बघत राहिले.

मी हात सोडला.