अर्धायुष्याचा तास

बुलढाणा,
८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

तू गेल्यापासून तुझ्याशी एक अक्षर बोललो नाही, माफ कर. रोजनिशीत हवापाणी येतं, कॉलेज येतं. तुझं नाव आलं की मी पान उलटतो. आज उलटता येईना. तिसऱ्या वर्षासाठी अणुअभियांत्रिकीचा प्राथमिक अभ्यासक्रम आखायचं काम माझ्याकडे आलंय. आराखडा या आठवड्यात द्यायचाय आणि मी पहिल्याच घटकात अडकलोय, किरणोत्साराच्या अर्धायुष्यापाशी. तुझ्यापाशीच, म्हण ना.

गळ्याच्या गाठीसाठी तुला ते किरणोत्सारी आयोडीन दिलं, आणि तू साखरखेर्ड्याला घरी आलीस. वेगळी खोली, वेगळं ताट. लहान लेकरांपासून किती दिवस लांब राहायचं, ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मला तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? तू खिडकीच्या आत, मी ओसरीवर. तू विचारलंस आणि मी मास्तर झालो. आठेक दिवसांत निम्मं होतं, मग त्या निम्म्याचं निम्मं.

"मंग सरते कवा बे?"

"गणितानं म्हणशील तर कधीच नाही. पण इतकं कमी होतं की..."

"म्हंजे राह्यतेच."

माझं वाक्य बरोबर होतं ना, ताई? परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

पाच-सहा महिन्यांनी नातीचं बारसं झालं. पाळण्याखालून, पाळण्यावरून बाळ या हातातून त्या हातात जात होतं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. आजी म्हणून पहिले हात तुझे. तू दाराशीच. "माही कंबर धरली, तुमीच घ्या." वैशालीचं, तुझ्या सुनेचं, तोंड एवढंसं झालं. मागे कुणी तरी कुजबुजलं, म्हातारीला नातू पाहिजे होता. ते तुला ऐकू गेलं होतं, मी पाहिलं. तरी कंबर धरून आत निघून गेलीस?

स्वयंपाकघरात मी तुला गाठलं. "काऊन नाही घेतलं?"

"तूच तं सांगतलं, राह्यते म्हून. लेकराले काऊन लावू?"

आता काही उरलं नाही म्हणून मी शपथ घेतली. तू म्हणालीस, "आता माह्यासाठी खोटं बोलून राह्यला." आणि वर बजावलंस, "वैशालीले सांगू नोको. घाबरन ते."

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस केव्हाच सरले होते, ते मानलं नाहीस, माझं मात्र धरून बसलीस. इतका विश्वास कशाला ठेवावा माणसानं धाकट्या भावावर? पोरगी चालायला लागली, स्वतःच येऊन तुझ्या मांडीत बसली, तेव्हा कुठे तू हात लावलास. वैशाली अजूनही म्हणते, आईंना मुलगी नकोच होती. मी ऐकून घेतो. तू शब्द घेतला होतास ना.

विभागप्रमुख म्हणतात, सर, सूत्र द्या, दोन गणितं द्या, पुढे चला. मी तो तास लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. शून्य होतं असं लिहिलं तर खोटं. होत नाही एवढंच लिहिलं तर वर्गात तुझ्यासारखी एखादी बसलेली असेल, तिचं काय?

आज दुपारी एक वाक्य सापडलं. आपल्या प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून थोडा किरणोत्सार असतोच, खाण्यापिण्यातल्या पोटॅशियमचा. तुझं आयोडीन बारशाच्या आधीच त्याच्याही खाली गेलेलं होतं. म्हणजे ते सरलेलंच होतं, ताई. आणि पाळण्यातली ती पोरगीही आपलं थोडंसं घेऊनच आली होती.

हे मला तेव्हा का सुचलं नाही? पुस्तकात ते पुढच्या घटकात आहे, म्हणून? आणि सुचलं असतं तरी तू म्हणाली असतीस, "मंग तं तिलेबी कोनी घेऊ नये म्हन ना." तुझा काही भरवसा नाही.

पण वैशाली घाबरणार नाही, असं आता वाटतं. तुझा शब्द मोडतोय, रागाव हवं तर. आणि हे माझं वचन: माझ्या अभ्यासक्रमात अर्धायुष्य आणि अंगातलं पोटॅशियम एकाच तासात येतील, त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं तरी.

तुझा,
दिनू

उद्या: सकाळच्या एसटीनं साखरखेर्ड्याला जाऊन वैशालीला बारशाचं खरं कारण सांगणे.