मनूचा हिरवा सात

मंगळवार, दिवेलागण
डोकमर्डी, सिल्वासा

डोकं नुसतं भणभणलंय. आमची नात मनू, पहिलीतली. तिला प्रत्येक आकडा रंगीत दिसतो. सात हिरवा, चार लाल. याला सिनेस्थेशिया म्हणतात, आजारबिजार नव्हे, हे मी मोबाइलवर शोधून शोधून वाचलं. पण ऐकतंय कोण?

शाळेत बाईंनी रंगीत कार्डं केली, त्यात सात लालभडक! मनू गोंधळून चार म्हणाली. "आजी, पोरीचं लक्षच नसतं हो," बाई वर मलाच ऐकवतात. घरी येते तर सूनबाई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसलेली. "आई, रंगाचं बाहेर बोलू नका, लोक येडी म्हणतील तिला." अगं, लोकांच्या आधी तूच म्हणतेस की!

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळे आकडे काळ्या स्केचपेनने लिहिले. पोरीने घडाघडा वाचले. मग सहज विचारलं, "सात कुठल्या रंगाचा गं?"

तिने आधी आईकडे पाहिलं. "काळा," म्हणाली.

एवढीशी पोर, आम्हाला भिऊन खोटं बोलायला शिकली! उद्या ते कॅलेंडर आणि सूनबाई, दोघांना घेऊन शाळेत जाते. आत्ता आधी मनूला जवळ घेऊन सांगते, बाळा, तुझा सात हिरवाच.